फोन करणाऱ्याला आणि फोन उचलणाऱ्याला आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने तुमच्या पेपरात एआयवर बरंच छापून येतंय, नोकऱ्या जाणार का राहणार, पोरांनी कुठला कोर्स करावा, कुठल्या कंपनीने किती पैसा ओतला वगैरे. सगळं वाचते मी. पण अकरा वर्षं हेडसेट लावून मला जे दिसलं ते त्यात कुठेच येत नाही म्हणून लिहायला बसलेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मी पुण्यात कॉल सेंटरला होते, आधी एजंट आणि नंतर टीम लीडर. बँकेचा प्रोसेस (म्हणजे एका कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचं काम), मोबाईलचा प्रोसेस, ऑनलाईन खरेदीचा प्रोसेस, तिन्हीवर काम केलंय. आता ते सोडलंय. एवढं बघितल्यावर माझं पक्कं मत झालंय की एआय एखाद्या धंद्यात चालणार की फसणार हे ते मशीन किती हुशार आहे यावर फार कमी ठरतं. फोन करणाऱ्याला नक्की काय पाहिजे होतं आणि फोन उचलणाऱ्याला काम नीट करायला काय लागतं, यावर ते ठरतं. आणि नेमकं या दोघांना सोडून बाकी सगळ्यांना विचारून निर्णय होतायत.

बाहेरच्याला वाटतं लोक माहिती विचारायला फोन करतात. तसे कॉल असतातच, पिन विसरला, बिलाची कॉपी पाठवा, ऑर्डर कुठवर आली. पण यूपीआयचे पैसे अडकले म्हणून जो माणूस फोन करतो ना, त्याने ॲपमध्ये 'पेंडिंग' हा शब्द दहा वेळा बघितलेला असतो. नियम पण आहे त्याला, रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, एका खात्यातून पैसे कटले आणि समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजेत आणि त्यापुढे रोजचे १०० रुपये भरपाई. बॉट, म्हणजे माणसाऐवजी उत्तर देणारं सॉफ्टवेअर, हे अगदी बिनचूक सांगतो, माझ्या कुठल्याही नवीन एजंटपेक्षा चांगलं सांगतो. पण ते पैसे त्याने गावाकडे भावाला पाठवलेले असतात, भाऊ दवाखान्यात बसलेला असतो, आणि त्याला त्या क्षणी नियम ऐकायचा नसतो. त्याला कुणीतरी "मी बघते, माझं नाव अमुक, संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर मी स्वतः फोन करते" असं म्हणणारं हवं असतं. एवढं ऐकलं की आवाज खाली येतो माणसाचा, हे मी हजारदा तरी ऐकलंय.

एक कॉल सांगते. मोबाईलच्या प्रोसेसवर असताना लातूरकडच्या एका बाईंचा फोन आला होता. नवरा वारला होता, महिना पण झाला नव्हता, आणि त्याच्या नंबरवर बँकेचे, गॅसचे, सगळे ओटीपी यायचे म्हणून तो नंबर त्यांना स्वतःच्या नावावर करून घ्यायचा होता. आमच्याकडे तेव्हा सुरुवातीला रेकॉर्डेड आवाज प्रश्न विचारायचा, आपण खातेदार बोलत आहात का. त्या म्हणायच्या, "ते नाहीत हो आता." सिस्टमला त्यातलं फक्त 'नाही' कळायचं, मग ती सांगायची की खातेदाराने स्वतः संपर्क साधावा, धन्यवाद, आणि फोन कट. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळेला काहीतरी वेगळं बटण दाबलं गेलं म्हणून त्या आमच्या टीमच्या एका पोरीकडे लागल्या. तिने स्क्रिप्ट बाजूला ठेवली, आधी काहीच विचारलं नाही, त्यांना बोलू दिलं, मग कुठली कागदपत्रं, जवळचं दुकान कुठलं, मृत्यूचा दाखला कुठून काढायचा हे सगळं लिहून घ्यायला लावलं. २६ मिनिटांचा कॉल झाला. आमचं एएचटी, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ लागावा त्याचं टार्गेट, साडेपाच मिनिटं होतं. क्यूएने, म्हणजे कॉल तपासून मार्क देणाऱ्या टीमने, तिचे मार्क कापले. मी त्यासाठी मॅनेजरशी भांडले, मार्क परत मिळाले, पण त्या चार कट झालेल्या कॉलचे मार्क कुणाचेच कापले गेले नाहीत ही गोष्ट माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

कॅनडात जवळपास अशाच दुःखाच्या प्रसंगावरून एक केस झाली होती, ती आपल्याकडे फार लोकांना माहीत नाही. एका माणसाची आजी वारली, त्याने एअर कॅनडाच्या वेबसाईटवरच्या चॅटबॉटला विचारलं की घरात मृत्यू झाला तर तिकिटात जी सवलत असते ती कशी मिळवायची. बॉटने सांगितलं आत्ता तिकीट काढा आणि ९० दिवसांत अर्ज करा. त्याने तसं केलं, नंतर कंपनी म्हणाली प्रवास झाल्यावर सवलत मिळत नाही. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या लवादापुढे गेलं, आणि तिथे कंपनीचं म्हणणं असं होतं की चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने ते फेटाळलं, वेबसाईटवरचं सगळं तुमचंच आहे म्हणून सांगितलं आणि साधारण ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम काहीच नाही एवढ्या मोठ्या कंपनीला. पण आम्ही फोनवर 'मी बघते' म्हणायचो म्हणजे नेमकं काय द्यायचो हे मला ही केस वाचून शब्दात कळलं, आम्ही जबाबदारी द्यायचो.

आता आमच्या फ्लोअरवर बॉट आला तेव्हाचं सांगते. मीटिंगमध्ये स्लाईड दाखवली, त्यात मुख्य आकडा होता कंटेनमेंट. म्हणजे बॉटकडे आलेल्या शंभर लोकांपैकी किती जण माणसापर्यंत न येता तिथेच संपले. आकडा चांगला होता, सगळे खूश. मी विचारलं की जो माणूस वैतागून फोन ठेवतो तो कशात धरलाय? तर तो पण त्यातच, कारण तो माणसापर्यंत आला नाही म्हणजे बॉटने त्याचं काम केलं असं धरायचं. मी म्हटलं अहो पण तोच माणूस उद्या परत फोन करतो, शाखेत जातो, नाहीतर कंपनीच सोडून देतो. त्यावर उत्तर मिळालं की तो डेटा दुसऱ्या टीमकडे असतो. गार्टनर म्हणून संस्था आहे, त्यांनी २०२४ मध्ये एक सर्व्हे दिला होता, त्यात ६४ टक्के ग्राहक म्हणाले की कंपन्यांनी कस्टमर सर्व्हिसमध्ये एआय वापरलं नाही तर बरं, आणि सगळ्यात मोठी भीती कसली, तर माणसापर्यंत पोचणं अजून अवघड होईल ही. मला त्यात नवल वाटलं नाही. आधीच आयव्हीआरमध्ये, म्हणजे फोनवरच्या रेकॉर्डेड आवाजाच्या मेनूत, एक दाबा, चार दाबा करून लोकांची बोटं दुखतायत.

एजंटच्या बाजूचं तर कुणी लिहितच नाही. बॉटने सोपे कॉल घेतले, पिन रिसेट, बिलाची कॉपी, पत्ता बदल. कागदावर छान वाटतं, पोरांना कंटाळवाणं काम नको. पण ते कॉल आमची श्वास घ्यायची जागा होती हो. एकाने आई-बहिणीवरून शिव्या घातल्या की पुढच्या दोन कॉलला कुणीतरी साधं बिल मागायचं, त्यात जीव खाली पडायचा, पाण्याचा घोट घेता यायचा. बॉट आल्यावर एजंटकडे येतो तो प्रत्येक माणूस आधीच पंधरा मिनिटं मशीनशी भांडून आलेला, तापलेला, आणि बॉटला काय सांगितलं ते एजंटच्या स्क्रीनवर दिसत नाही म्हणून त्याला सगळं परत पहिल्यापासून सांगायला लावायचं. आणि एएचटीचं टार्गेट? तेच. साडेपाच मिनिटं. सोपे कॉल गेले म्हणजे सरासरी वाढणारच हे चौथीतलं पोरगं पण सांगेल, पण टार्गेट बदलायला तीन महिने लागले आणि तोवर माझ्या टीममधली सहा जणं सोडून गेली. त्यातली एक नऊ वर्षं होती तिथे. तिला सगळ्या प्रोसेसच्या खाचाखोचा पाठ होत्या, कुठल्या डिपार्टमेंटला कुणाला मेल टाकला की काम होतं हे तिच्या डोक्यात होतं, कुठल्याही सिस्टममध्ये नाही.

मी एआयच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. त्याच वर्षी त्याच कंपनीत दुसरी एक गोष्ट आली आणि ती सगळ्यांना आवडली. कॉल संपला की एजंटला काय बोलणं झालं त्याची नोंद टाईप करावी लागते, रॅपअप म्हणतात त्याला, आणि ते करता करता पुढचा कॉल पडतो. पोरांनीच फीडबॅकच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं की हे कुणीतरी सोपं करा. मग एक सॉफ्टवेअर आलं जे कॉल ऐकून नोंदीचा मसुदा करून द्यायचं, एजंटने वाचायचं, चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, सेव्ह. मराठी कॉलमध्ये चुका व्हायच्या भरपूर, तरी वेळ वाचायचा. ट्रेनिंग एका दिवसात झालं आणि कुणाला ढकलावं लागलं नाही. कारण सरळ आहे, ते ज्याला दुखत होतं त्याने मागितलेलं होतं.

अमेरिकेत यावर एक मोठा अभ्यास झालाय, स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या लोकांचा, २०२३ मध्ये आला. पाच हजारांवर कस्टमर सपोर्ट एजंटना, त्यातले बरेचसे फिलिपिन्समधले, चॅट करताना बाजूला एआय सुचवत राहायचं की आता असं लिहा. काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं, नवीन लोकांचं ३४ टक्क्यांनी, ग्राहक पण कमी चिडले आणि नोकरी सोडणारे कमी झाले. पण मुरलेल्या एजंटना जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. का, तर ते मशीन त्यांच्याच जुन्या चॅटवरून शिकलेलं होतं! म्हणजे नऊ वर्षं काम केलेल्या माझ्या त्या मैत्रिणीसारख्यांचं शहाणपण काढून नवीन पोरांना वाटलं, चांगलीच गोष्ट आहे, पण मग तिला त्याचे पैसे कुठे आहेत? आमच्याकडे तर कंपनी यासाठी आमचं कॉल रेकॉर्डिंग वापरतेय हे पण आम्हाला उशिरा कळलं.

आता ज्यांनी घाई केली त्यांचं काय झालं बघा. स्वीडनची क्लार्ना कंपनी, हप्त्यावर खरेदी करायला पैसे देते, त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की पहिल्या महिन्यात एआयने २३ लाख चॅट केल्या, ७०० माणसांचं काम, अकरा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत. जगभर त्याच्या बातम्या झाल्या, आमच्या ट्रेनिंग रूममध्ये पण ती बातमी फिरली आणि पोरांचे चेहरे उतरलेले मला आठवतायत. मे २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखाने मान्य केलं की आम्ही खर्चाकडे जास्तच बघितलं आणि दर्जा घसरला, आता परत माणसं घेतोय, ग्राहकाला हवं तेव्हा माणूस मिळालाच पाहिजे. त्यांनी बॉट काढून टाकलेला नाही, तो आहेच. ऑस्ट्रेलियाची कॉमनवेल्थ बँक तर अजून जवळचं उदाहरण. जुलै २०२५ मध्ये व्हॉईस बॉट आला म्हणून ४५ जणांची पदं काढली, बँक म्हणाली आठवड्याला दोन हजार कॉल कमी झालेत. युनियन म्हणाली खोटं आहे, कॉल वाढलेत, ओव्हरटाईम लावताय, टीम लीडरना फोनवर बसवताय. टीम लीडरना फोनवर बसवलं हे वाचलं आणि मला खरं काय झालं असणार ते कळलं, कारण आमच्याकडे क्यू फुटली, म्हणजे थांबलेल्या कॉलची रांग हाताबाहेर गेली, की हेच व्हायचं. युनियन तिथल्या कामगार आयोगाकडे गेली, ऑगस्टमध्ये बँकेने माफी मागून निर्णय मागे घेतला. बॉट लावायच्या आधी फ्लोअरवरच्या एका माणसाला जरी विचारलं असतं तरी ही नाचक्की टळली असती असं मला मनापासून वाटतं.

दुसरी बाजू पण लिहिते. बंगळूरच्या दुकान नावाच्या स्टार्टअपच्या मालकाने जुलै २०२३ मध्ये सांगितलं की सपोर्टची ९० टक्के माणसं काढून बॉट लावला, तक्रार सुटायला आधी २ तास १३ मिनिटं लागायची ती आता ३ मिनिटं १२ सेकंदांत सुटते, खर्च ८५ टक्के कमी. ज्याला रात्री दोन वाजता फक्त सेटिंग कुठे आहे एवढंच विचारायचंय त्याच्यासाठी हे खरंच चांगलं आहे, त्याला माझ्याशी गप्पा मारायच्या नसतात. मला राग आला तो ते ज्या अभिमानाने सगळ्या जगापुढे सांगितलं त्याचा. त्या माणसांचं पुढे काय हा प्रश्न लोकांनी तेव्हा विचारला होता, आणि बरोबर विचारला होता.

आपल्या मराठी माणसाचा अजून एक वेगळा त्रास आहे. बॉट मराठी बोलतो आता, पण कुठली मराठी? "आपला व्यवहार प्रलंबित आहे, कृपया प्रतीक्षा करावी." आणि फोन करणारा म्हणतो, "पैशे कटलं पर तिकडं ग्येलंच न्हाईत" नाहीतर "मशीननं कार्डच गिळलं ओ माझं." विदर्भातला माणूस वेगळं बोलतो, कोकणातला वेगळं, आणि अर्धे जण मधेच हिंदी करतात कारण त्यांना वाटतं कंपनीशी मराठी बोललं तर काम होणार नाही. आमच्या फ्लोअरवर सोलापूरचा कॉल असेल तर तिकडच्या पोराला हाक मारायचो, तो पहिल्या वाक्यात "कुठलं म्हणायचं गाव तुमचं" विचारायचा आणि निम्मं काम तिथेच व्हायचं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भाषिणी सुरू केलंय, भारतीय भाषांत भाषांतर करायचं आणि बोलणं ओळखायचं व्यासपीठ, त्यातून सुधारेल हळूहळू अशी आशा आहे मला. पण तोवर या माणसांनी काय करायचं?

माझे वडील राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होते, कराडला. त्यांच्याकडून मी लहानपणापासून लेजर पोस्टिंग मशीनच्या, म्हणजे खातेवहीच्या नोंदी करणाऱ्या मशीनच्या, गोष्टी ऐकल्यात. बँकांत कॉम्प्युटर यायचे होते तेव्हा युनियननी केवढा विरोध केला हे सगळ्यांना माहितीये, आणि त्यामुळे उशीर झाला, लोक पासबुकं घेऊन रांगेत उभे राहिले हे पण खरंय, वडील स्वतः कबूल करतात. पण १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि युनियन यांच्यात करार झाला, कुठली मशीन, किती, कुठे बसवायची आणि त्यावर बसणाऱ्याला वेगळा भत्ता हे सगळं त्यात लिहिलं गेलं. वडील म्हणतात मशीन आलं तेव्हा आम्हाला त्याची भीती वाटली नाही, कारण ते आमच्या सहीने आलं होतं. आणि ते आल्यावर कुठली एंट्री कुठे अडते हे क्लार्कनीच सांगितलं, त्यामुळे ते चाललं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पण कलम ९-अ होतं, ज्या सुधारणेने कामगार कपात होऊ शकते ती करायच्या २१ दिवस आधी नोटीस द्यायची, आणि नवीन औद्योगिक संबंध संहितेत पण नोटिशीची तरतूद आहे. पण कॉल सेंटरच्या पोरांना हे कुणी सांगितलेलंच नाही, युनियन नाही, निम्मे कंत्राटावर, आणि शुक्रवारी मीटिंग झाली की सोमवारी आयडी बंद.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या छापाव्यात अशी विनंती आहे. प्रत्येक बॉटमध्ये माणसाशी बोलायचा मार्ग पहिल्याच मिनिटात सांगितला पाहिजे, लपवून ठेवायचा नाही. मृत्यू, फसवणूक, दवाखाना असा शब्द आला की सरळ माणसाकडे. बॉटला सांगितलेलं एजंटला दिसलं पाहिजे. सोपे कॉल काढून घेतले तर टार्गेट त्याच दिवशी बदलायचं आणि दोन कॉलमध्ये अंतर द्यायचं. आणि कंटेनमेंटऐवजी मोजा की सात दिवसांत तोच माणूस परत किती वेळा आला, ते मोजायला काहीच अवघड नाही, सगळा डेटा पडलेला असतो.

शेवटी परवाची गोष्ट. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ॲपवर चेहरा लागेना, बोटं पण घासलेली आहेत. बँकेच्या नंबरवर बॉटने तीन वेळा तेच ॲप डाउनलोड करायला सांगितलं. मग मी त्यांना रिक्षाने शाखेत नेलं, तिथे काउंटरवरच्या मुलीने त्यांना बसवलं, फॉर्म भरून घेतला, दहा मिनिटांत झालं. आमच्या पुढे तसेच सात-आठ म्हातारे होते, एक आजी तर दुसऱ्यांदा आलेल्या. वडिलांनी सवयीने काउंटरवरच्या त्या मुलीला विचारलं, हे ॲप आणताना तुम्हाला काही विचारलं होतं का गं? ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "काका, मला एवढंच पाहिजे, ज्यांचा चेहरा दोनदा लागला नाही त्यांची यादी रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर यावी. मी फोन करून वेळ देईन, नाहीतर आमचा शिपाई जाताना घरी जाऊन येईल." अशी यादी काढणं हे एआयचं अगदी हातचं काम आहे. मी तिचं म्हणणं बँकेला लेखी कळवलंय, पोच मिळालीये, उत्तर आलं की तुम्हाला कळवीन.

आपली,
एक माजी टीम लीडर, पुणे
(नाव छापू नये ही विनंती, माझे जुने सहकारी अजून तिथे काम करतात.)